माझा एटीपी रँक, वैधता ५२ आठवडे

परवा माझ्याकडे एक नवीन मुलगी टेनिस शिकायला आली, अकरा वर्षांची, आणि तिच्या वडिलांनी फी विचारायच्याही आधी विचारलं, सर तुमचं स्वतःचं रँकिंग किती होतं? म्हटलं, अकराशेच्या आसपास. त्यांनी मान हलवली, पण अकराशे म्हणजे भारी की भंगार हे त्यांना ठरवता येईना आणि खरं सांगू का, मलाही अजून ठरवता आलेलं नाही. तेव्हा म्हटलं एकदा बसून सगळं लिहूनच काढू. टीव्हीवर जे टेनिस दिसतं ते सगळं वरच्या मजल्यावरचं, मी जिन्यातल्या पहिल्या चार पायऱ्यांबद्दल सांगतोय.

आधी घरचं. माझे बाबा मार्कर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, जिमखान्यात मेंबर लोकांशी नॉक मारायला, म्हणजे सरावाला समोरून बॉल मारत राहायला, एक पगारी माणूस असतो त्याला मार्कर म्हणतात. आम्ही नायगावच्या बीडीडी चाळीत, १६० स्क्वेअर फुटाची खोली, त्यात आम्ही पाच जण. बाबा पहाटे पाचला चालत निघायचे, मातीच्या कोर्टवर पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, चुन्याच्या लाइनी मारायच्या, नेट बांधायचं, मग सहा-साडेसहाला पहिले साहेब यायचे. रॅकेटची गटिंगही, म्हणजे जाळीच्या तारा (गट) ताणून बसवणं, तेच करायचे, मार्कर रूममध्ये एक जुनं मशीन होतं, त्या मशीनचा कटकट आवाज ऐकत मी शाळेचा अभ्यास केलाय.

मार्करचं कसब काय असतं माहितीये का, समोरच्या साठ वर्षांच्या साहेबांना बॉल असा द्यायचा की तो बरोब्बर त्यांच्या कमरेच्या उंचीवर, फोरहँडला, दोन पावलांत यावा. साहेबांनी तो कुठेही मारला तरी मार्करने पळत जाऊन परत तसाच आणून द्यायचा. एका तासात साहेबांना वाटलं पाहिजे की आज आपला हात मस्त चाललाय. बाबा यात उस्ताद होते, एकेका रॅलीत चाळीस-चाळीस बॉल, एकही बाहेर नाही. आणि मी टेनिस शिकलो ते बाबांकडून, त्यामुळे मीही तेच शिकलो, याचे परिणाम पुढे येतीलच.

मार्करच्या पोराला कोर्ट मिळायचं ते दुपारी एक ते तीन, कारण तेव्हा कुठलाच मेंबर येत नाही. मे महिन्यात मुंबईत दुपारी एक वाजता मातीच्या कोर्टवर कधी उभे राहिलात का? घामाने ग्रिप इतकी ओली व्हायची की रॅकेट हातातून सुटून नेटपर्यंत जायची. आई कोकमाचं पाणी मीठ घालून बाटलीत द्यायची. तेव्हा शिव्या घालायचो, पण पुढे साउथमध्ये खेळताना नॉर्थची पोरं क्रॅम्प येऊन आडवी व्हायची आणि मी मजेत तिसरा सेट खेळायचो, ते त्या दुपारींमुळे.

पहिल्यांदा खरं टेनिस बघितलं २००७ ला. सीसीआयवर (क्रिकेट क्लब ऑफ इंडिया) एटीपीची, म्हणजे पुरुषांच्या प्रो टेनिसच्या जागतिक संघटनेची, स्पर्धा झाली होती, मी बारा वर्षांचा, बॉलबॉय म्हणून घेतलं. रिशार गॅस्के आला होता, त्याच वर्षी विम्बल्डनच्या सेमीला पोचलेला, आणि मुंबईची स्पर्धाही त्यानेच जिंकली. त्याचा एका हाताचा बॅकहँड मी दहा फुटांवरून बघितला, म्हणजे बघितला कसला, ऐकला. घरी येऊन बाबांना सांगितलं की तो बॉल समोरच्याला देतच नाही हो, त्याच्यापासून लांब मारतो. बाबा हसले, म्हणाले, त्याला मेंबर सांभाळायचे नसतात.

ज्युनियरचं फार सांगत नाही. कूपरेजला राज्य असोसिएशनच्या कोर्टवर एआयटीएच्या, म्हणजे देशाच्या टेनिस संघटनेच्या, स्पर्धा, अंडर-१४, अंडर-१६, लगेजच्या डब्यातून मासळीच्या टोपल्यांशेजारी किट बॅग घेऊन प्रवास, थोडे कप, थोडी सर्टिफिकेटं. अठराव्या वर्षी नॅशनल रँकिंगमध्ये बऱ्यापैकी नाव होतं आणि मला वाटलं आता प्रो होऊ. कॉमर्सला ॲडमिशन होतं ते असून नसल्यासारखं.

प्रो व्हायला परीक्षा वगैरे काही नसते, हे ऐकून लोकांना आश्चर्य वाटतं. ऑनलाइन जाऊन आयपिन नावाचा नंबर काढायचा, वर्षाची फी भरायची, झालात प्रो. पुढचं अवघड. तेव्हा सगळ्यात खालच्या पायरीच्या स्पर्धांना फ्युचर्स म्हणायचे, आता एम १५, एम २५ म्हणतात. २०१६ पर्यंत तिथे एकूण बक्षीस दहा हजार डॉलर असायचं, २०१७ पासून पंधरा हजार. ऐकायला बरं वाटतं, पण ते सगळ्यांत मिळून आणि डबल्स धरून. सिंगल्सच्या मेन ड्रॉमध्ये, म्हणजे मुख्य स्पर्धेत, पहिल्या राउंडला हरलात तर दहा हजारवालीत १०४ डॉलर, पंधरा हजारवालीत १५६. आणि हे मेन ड्रॉचं. क्वालिफाइंगमध्ये, म्हणजे त्याआधीच्या पात्रता फेरीत, हरलात तर भोपळा, पैसे नाहीत आणि रँकिंगचा पॉइंटही नाही.

एन्ट्री टाकायची शेवटची वेळ म्हणजे स्पर्धेच्या सोमवारच्या १८ दिवस आधीचा गुरुवार, ग्रिनिचच्या वेळेनुसार दुपारी दोन, म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसात. दर गुरुवारी सव्वासातचा अलार्म लावलेला असायचा माझ्या फोनवर. चाळीत नेटवर्क यायचं गच्चीवर, मग गच्चीवर जाऊन लिस्ट बघत बसायचं की कोण कुठे चाललंय, कुठल्या देशात जरा कच्ची पोरं येतील. हे पण एक टेनिसच आहे, आणि ते मला मारता यायचं.

रँक नसेल तर मेन ड्रॉचा विषयच नाही. ३२ जणांचा ड्रॉ, त्यात ८ जण क्वालिफाइंगमधून येणार, आणि तेव्हा क्वालिफाइंगची साइन-इन स्पर्धेच्या ठिकाणी जाऊन करावी लागायची, शुक्रवारी संध्याकाळी चार ते सहा. स्वतः हजर राहून सही करायची. मग जितकी पोरं येतील त्याप्रमाणे ६४ चा नाहीतर १२८ चा ड्रॉ पडायचा, म्हणजे मेन ड्रॉत पोचायलाच तीन-चार मॅच जिंकायच्या. एकदा दीड दिवसाचा प्रवास करून गेलो, गाडी लेट, स्टेशनवरून रिक्षा केली, रिक्षावाल्याला म्हटलं भाऊ उडव, आणि पोचलो सहा वाजून वीस मिनिटांनी. सुपरवायझर भला माणूस होता, त्याने काहीच न बोलता भिंतीवरचं घड्याळ दाखवलं. रात्री त्याच स्टेशनवर परत. बॅगेतला बॉलचा डबासुद्धा उघडला नव्हता.

२०१४ ते २०१६ अशी तीन वर्षं मी क्वालिफाइंगमध्येच काढली. कोणार्कने भुवनेश्वर, नेत्रावतीने त्रिवेंद्रम, स्लीपर क्लास, किट बॅगेला साखळी. तीनदा क्वालिफाइंगच्या शेवटच्या राउंडला हरलो. क्वालिफाइंगला खुर्चीवर अंपायर नसायचा, आपापल्या बाजूच्या लाइन आपणच कॉल करायच्या, त्यामुळे काही पोरांच्या लाइनी फारच बारीक असायच्या. पण हरलो ते त्याने नाही. हरलो ते मार्कर होतो म्हणून. ज्यांच्याकडे शिकत होतो ते सर एकदा वैतागून म्हणाले, अरे तू समोरच्याला खेळवतोयस, पॉइंट कधी संपवणार? ४-४ झालं, ब्रेक पॉइंट आला, की माझा हात आपोआप बॉल समोरच्याच्या फोरहँडला, कमरेच्या उंचीवर, मस्त आणून द्यायचा. घरचे संस्कार, दुसरं काय.

पावसाळा हा वेगळाच वैताग. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात कोर्टवर प्लॅस्टिक पडलं की सप्टेंबरपर्यंत मुंबईतल्या मातीवर टेनिस बंद. हार्ड कोर्टवर पाऊस थांबला की वायपरने पाणी काढायचं, अर्धा तास खेळायचं की परत धो धो. जगातले बाकीचे लोक युरोपात आठवड्याला एक स्पर्धा खेळत असायचे आणि मी चाळीच्या जिन्यावर वर-खाली पळत असायचो, शेजारच्या काकू ओरडायच्या, अरे पडशील रे मेल्या.

पैशांचं असं झालं की २०१७ मध्ये बाबांनी पतपेढीतून लोन काढलं आणि जिमखान्यातल्या एका मेंबरनी दोन लाख दिले. अट एकच, मी इथे असेन तेव्हा त्यांच्या मुलीशी रोज एक तास खेळायचं. वाईट काहीच नव्हतं त्यात, साहेब चांगले होते, मुलगी पण छान खेळायची, पण पहिल्या दिवशी तिच्यासमोर उभा राहिलो आणि बाजूच्या कोर्टवर बाबा तिच्या वडिलांशी नॉक मारत होते, दोघांचे बॉल एकाच उंचीवरून जात होते, तेव्हा कसंतरीच झालं. बाबांनी बघितलं, मग कॅन पुढे घेतला आणि बॉल गोळा करायला लागले.

नोव्हेंबर २०१७ ला इजिप्त, शर्म एल शेख. हे नाव खालच्या पायरीवरच्या सगळ्यांना पाठ असतं, कारण तिथे जवळपास वर्षभर दर आठवड्याला स्पर्धा असते. एकदा तिकीट काढा, एकाच रिसॉर्टमध्ये राहा, तीन आठवडे तीन स्पर्धा खेळा. बाहेर लाल समुद्र, लोक पोहायला आलेले, आणि मागे कोर्टवर पन्नास देशांतली कंगाल पोरं एकेका पॉइंटसाठी मरतायत. रूम शेअर केली एका हरियाणाच्या पोराबरोबर. जेवणासकट मला दिवसाला साधारण ४० डॉलर पडायचे. आईने छोटा राइस कुकर, मेतकूट, तूप आणि बेसनाचे लाडू दिले होते. पहिल्या दिवशी तो हरियाणाचा माझ्या भाताकडे बघून हसला, चौथ्या दिवसापासून मेतकूट त्यानेच संपवलं.

आणि वारा. शर्मला असा वारा सुटतो की टॉस केलेला बॉल डोक्यावरून मागे जातो. पहिल्या आठवड्यात क्वालिफाइंगला आपटलो. दुसऱ्या आठवड्यात मात्र लक्षात आलं की या वाऱ्यात जो जोरात मारतो तो मरतो. लाइनवर मारायला गेला की बॉल दोन फूट बाहेर. आणि मी तर आयुष्यभर नेटच्या चार फूट वरून, कोर्टच्या मध्यात, परत परत परत बॉल टाकायला शिकलोय. गटचं टेन्शन, म्हणजे ताण, ५० पाउंडवर आणलं, सर्व्हिसचा टॉस खाली केला आणि सरळ बाबांसारखा खेळायला लागलो. ज्या सवयीसाठी तीन वर्षं बोलणी खाल्ली तीच. क्वालिफाइंगच्या सगळ्या मॅच जिंकलो, समोरची पोरं वैतागून रॅकेट आपटत होती.

मेन ड्रॉला पहिल्या राउंडला युरोपातला एक उंच पोरगा, सीडेड, म्हणजे रँकमुळे मानांकन मिळालेला. पहिला सेट ३-६ गेला. दुसरा ७-५. तिसऱ्यात टायब्रेक, ६-५ मला, मॅच पॉइंट, सर्व्हिस त्याची. किती वेळा या क्षणाची स्वप्नं बघितली होती, की पासिंग शॉट मारीन, गुडघ्यांवर बसेन वगैरे. त्याने पहिली सर्व्हिस नेटमध्ये घातली. दुसरीला टॉस वाऱ्याने हलला, त्याने दोनदा हातात धरला, तिसऱ्यांदा मारला तो लांब बाहेर. डबल फॉल्ट. संपलं. मी रिटर्नच्या पवित्र्यात तसाच वाकून उभा. बघायला कोण, चेअर अंपायर, पुढच्या मॅचसाठी थांबलेली दोन पोरं आणि तो हरियाणाचा, तो तेवढा ओरडला. बॉलबॉय नसतातच, मग स्वतःच बॉल गोळा केले आणि अंपायरला दिले.

तो झाला माझा पहिला एटीपी पॉइंट. एक. फ्युचर्सला पहिला राउंड जिंकला की एक पॉइंट मिळतो. अंदाज यावा म्हणून सांगतो, ग्रँड स्लॅम जिंकणाऱ्याला दोन हजार मिळतात.

तिथून व्हॉट्सॲप कॉल लागत नव्हता, म्हणून बाबांना मेसेज टाकला, जिंकलो, पॉइंट आला. दहा मिनिटांनी उत्तर आलं, "टेन्शन किती ठेवलं होतं?" मी लिहिलं ५०. "बरोबर. वाऱ्यात ५० च."

दुसऱ्या राउंडला ६-१, ६-२ ने धुतला गेलो, पाऊण तासात काम तमाम. २५८ डॉलर, त्यातून टॅक्स कापला. तिसऱ्या आठवड्यात परत क्वालिफाइंगला बाहेर. विमान, व्हिसा, तीन आठवड्यांचं राहणं, गटिंग सगळं धरून लाखभर खर्च आणि कमाई सोळा हजारांच्या आत. म्हणजे पॉइंट साधारण पंच्याऐंशी हजाराला पडला. चाळीत बाबांनी पेढे वाटले, ते वेगळे.

गंमत म्हणजे त्याच महिन्यात इकडे सीसीआयवर बायकांची मुंबई ओपन झाली होती आणि बाबा बघायला जाऊन आले होते. एक एकोणीस वर्षांची बेलारूसची पोरगी जिंकली, अरिना सबालेंका. मी परत आलो तर बाबा माझ्या मॅचबद्दल कमी आणि तिच्याबद्दल जास्त बोलत होते. काय मारते रे, बॉल दिसत नाही. शेवटी म्हणाले, ती काय मार्करकडे शिकलेली नाय. २०२३ मध्ये ती जगात पहिली झाली तेव्हा बाबांनी सगळ्या मजल्यावर सांगितलं की मी हिला आधीच ओळखलं होतं.

पॉइंट लगेच दिसत नाही हे मला माहीत नव्हतं. फ्युचर्सचे पॉइंट तेव्हा एक आठवडा उशिरा लागायचे. पहिल्या सोमवारी बघितलं, नाव नाही. काय काय मनात आलं, स्पेलिंग चुकलं असेल, सही राहिली असेल. पुढच्या सोमवारी दादर स्टेशनच्या पुलावर उभा राहून मोबाइलवर लिस्ट उघडली तर सतराशेच्या पुढे कुठेतरी माझं नाव, शेजारी छोटा तिरंगा. आकडा मला पाठ आहे पण सांगत नाही, शोधत बसाल. मागून लोक ढकलत होते, ए बाजूला हो ना भाई. झेरॉक्सवाल्याकडे त्या पानाची प्रिंट काढली, पाच रुपये, आणि बाबांनी लाल पेनाने गोल करून मार्कर रूममध्ये गटिंग मशीनच्या वर चिकटवली.

आता रँकिंगचं खरं गणित. एटीपीचा पॉइंट हा लोकलच्या वार्षिक पाससारखा असतो, ५२ आठवडे चालतो, तारीख उलटली की गेला. तुम्ही मागच्या नोव्हेंबरला एक पॉइंट कमावला असेल तर या नोव्हेंबरला तो कापला जाणार, नवीन कमावला नाहीत तर खाली जाणार. याला डिफेंड करणं म्हणतात. त्यामुळे वर चढलो असं जे म्हणतात ना, त्यात अर्धा वेळ माणूस आहे तिथेच टिकायला पळत असतो. कॅलेंडरवर मी पॉइंट पडायच्या तारखा लिहून ठेवायचो, आई गॅसच्या नंबराच्या तारखा लिहायची त्याच कॅलेंडरवर.

२०१८ चांगलं गेलं. रँक आल्यावर काय बदलतं म्हणाल तर एवढंच की साइन-इनला नाव वर येतं, क्वालिफाइंगला कधी सीडिंग मिळतं, एखाद्या आठवड्यात लोक गळाले की सरळ मेन ड्रॉ. मार्चमध्ये भारतात एक पॉइंट. जूनमध्ये पाऊस सुरू व्हायच्या आत शर्मला पळालो, क्वार्टर फायनल, दोन पॉइंट. सप्टेंबरमध्ये परत शर्म, सेमी फायनल, सहा पॉइंट. सेमीला जो पोरगा होता त्याने मला मार्कर असल्याचं ओळखलं बहुतेक, प्रत्येक बॉल ड्रॉप टाकला, पळून पळून पायाचे तुकडे पडले. एकूण दहा पॉइंट आणि रँक अकराशेच्या आसपास. तोच माझा सर्वांत वरचा.

अकराशे म्हणजे जगात टेनिस खेळणाऱ्या कोट्यवधी लोकांत अकराशेवा, असंही म्हणता येतं. आणि पैशाच्या भाषेत म्हणाल तर आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने २०१३ च्या सीझनचा एक अभ्यास केला होता, त्यात पुरुषांमध्ये खर्च आणि कमाईची तोंडमिळवणी ३३६ नंबरच्या आसपास होते असं निघालं होतं, ती पण कोचचा खर्च न धरता. म्हणजे मी अजून साडेसातशे लोकांना मागे टाकलं असतं तर शून्यावर आलो असतो. सुमित नागलने २०२३ मध्ये जाहीरपणे सांगितलं की त्याच्या अकाउंटला ९०० युरो उरलेत, तेव्हा तो भारताचा नंबर एक होता. चारच महिन्यांनी ऑस्ट्रेलियन ओपनला त्याने ३१ व्या सीडला, बुब्लिकला, पहिल्या राउंडला पाडलं. ती मॅच मी पहाटेच्या बॅचला आलेल्या सगळ्या मुलांना नंतर मोबाइलवर दाखवली. खेळ दाखवायला म्हणून लावली होती खरी, पण मी स्वतः बघत होतो ते ९०० युरोवाला माणूस दुसऱ्या सर्व्हिसला किती जोर लावतोय ते.

असो. नोव्हेंबर २०१८ ला पहिला पॉइंट तारखेप्रमाणे कापला गेला, नऊ उरले. त्याचं वाईट वाटायला वेळच मिळाला नाही, कारण २०१९ उजाडलं आणि नियम बदलले. पंधरा हजारवाल्या स्पर्धांमधून एटीपी पॉइंट बंद, त्यांच्यासाठी वेगळंच रँकिंग काढलं, क्वालिफाइंगचे ड्रॉ लहान केले. हेतू असा होता की प्रो म्हणवणारे लोक कमी व्हावेत आणि जे राहतील त्यांचं पोट भरावं, आणि कागदावर ते पटण्यासारखंही होतं. माझे सगळेच्या सगळे पॉइंट पंधरा हजारवाल्या स्पर्धांमधले. जानेवारीत एटीपीची लिस्ट उघडली तर मी नाहीच. हरून खाली गेलो असतो तर समजलं असतं, इथे घरी बसून मटार सोलत होतो आणि नाव गेलं.

तीन-चार महिने ओढले. छोट्या क्वालिफाइंगमध्ये नाव लागेना, वेटिंग लिस्टवर गुरुवारचे गुरुवार जायला लागले. पतपेढीचे हप्ते चालू होते, बाबांचा गुडघा गेला होता, त्यांना नॉक मारायला त्रास व्हायला लागला होता. एप्रिलमध्ये बाबांना सांगितलं की आता बास. ते म्हणाले, गट काढून ठेव रॅकेटची, ताणून ठेवली तर फ्रेम वाकते. दुसऱ्या दिवसापासून सकाळच्या बॅचला मी उभा राहिलो, लहान मुलांना शिकवायला. सहाच्या साहेबांनाही मीच नॉक द्यायला लागलो, ते म्हणाले अरे वा, अगदी वडिलांसारखा हात आहे.

आता पुढचा भाग कोणाला सांगितला तर खोटा वाटतो. खेळाडूंनी एवढी बोंबाबोंब केली होती की ऑगस्ट २०१९ मध्ये नियम परत फिरवला, पंधरा हजारवाल्यांना एटीपी पॉइंट पुन्हा सुरू आणि तेही मागच्या ऑगस्टपासूनचे धरून. त्या सोमवारी बाहेर मरणाचा पाऊस, कोर्टवर प्लॅस्टिक, मी हॉलमध्ये आठ-दहा वर्षांच्या पोरांकडून दोरीच्या उड्या मारून घेत होतो. हरियाणावाल्याचा स्क्रीनशॉट आला, "भाई तू फिर आ गया." सप्टेंबरच्या सेमीचे पॉइंट परत लागले होते. चार महिन्यांपूर्वी खेळ सोडलेला मी, हातात शिट्टी, आणि जगाच्या यादीत माझं नाव. एक पोरगा विचारत होता, सर किती राहिल्या? मी म्हटलं पन्नास, त्याच्या वीसच राहिल्या होत्या.

खरं सांगतो, त्या रात्री मी रॅकेट काढली. गट नव्हती. मशीनवर बसवली, दोन मेन (उभ्या तारा) घातल्या आणि थांबलो, कारण हिशोब केला. तिकीट, राहणं, आणि ५२ आठवडे मोजले तर हातात जेमतेम दीड-दोन महिने. बाबा मागे खुर्चीवर बसून बघत होते, काही बोलले नाहीत, फक्त म्हणाले, घालायची तर पूर्ण घाल, नाहीतर मशीन मोकळं कर, सकाळी मेंबरच्या दोन रॅकेट आहेत. मशीन मोकळं केलं. सेमीचे पॉइंट त्यांच्या तारखेला पडले आणि पुढच्या वर्षी तर कोविडने सगळ्यांचंच टेनिस थांबवलं.

ती प्रिंट अजून मार्कर रूममध्ये आहे, पिवळी पडलीय, लाल गोल पुसट झालाय. काढत नाही कोणी कारण मागे भिंतीला ओल आहे.

तर त्या मुलीच्या वडिलांना मी यातलं काहीच सांगितलं नाही, अकराशे एवढंच. त्यांनी तीन महिन्यांची फी भरली. मुलगी बरी आहे, पाय हलके आहेत, फोरहँड मोकळा आहे. पहिल्या दिवशी तिला एका मोठ्या मुलीसमोर उभं केलं तर एका रॅलीत बावीस बॉल परत टाकले तिने, एकही बाहेर नाही, आणि सगळे समोरच्या मुलीच्या फोरहँडला, कमरेच्या उंचीवर. बाबा बाकावर बसले होते, त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी तिला अजून काही बोललेलो नाही.